जुने इथरनेट ड्रायव्हर कर्नलमधून काढताना ठेवलेल्या नोंदी

आम्ही पॅकिंग मशीनचे कंट्रोलर बनवतो. जुन्या मॉडेलांत ३२-बिट एक्स८६ बोर्ड, नव्यांत एआरएम, आणि दोन्हींवर लिनक्स. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, तो इतके दिवस ५.१० आवृत्तीचा होता. ६.१२ वर जाताना आयएसए (जुन्या पीसीतले स्लॉट) आणि पीसीएमसीआयए (जुन्या लॅपटॉपांत खुपसायची कार्डं) यांच्या इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती कार्डं चालवणारा कोड, आमच्या ट्रीमधून (कर्नल सोर्सच्या आमच्या प्रतीतून) कायमचे काढायचे ठरलं. काम दोघांचं, मी आणि एक ज्युनिअर. मी चार दिवसांचा अंदाज दिला होता. पुढच्या तारखा बघून तो किती चुकला ते कळेलच.

६ जानेवारी २०२५, सोमवार

आधी हे काम अंगावर का घेतलं ते लिहिते, कारण शहाणा माणूस म्हणेल, कॉन्फिगमध्ये (बिल्डमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या .कॉन्फिग फाइलीत) बंद करा आणि सोडून द्या. आम्हीही तेच करत होतो.

एका ग्राहकाचा ऑडिटर दर तिमाहीला आमच्या कर्नल सोर्सवर स्कॅनर चालवतो. स्कॅनरला सोर्समध्ये काय आहे तेवढं दिसतं, बिल्डमध्ये काय गेलं ते दिसत नाही. गेल्या वेळच्या शीटमध्ये सीव्हीई-२०२३-१६७० लाल रंगात होती (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा क्रमांक). झिरकॉमच्या १६-बिट पीसीएमसीआयए कार्डाच्या ड्रायव्हरमधली यूज-आफ्टर-फ्री चूक, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं. आमच्या एकाही डब्याला पीसीएमसीआयए स्लॉट नाही. तसं लिहून दिलं, पुरावा म्हणून .कॉन्फिग जोडली. पुढच्या तिमाहीत तीच ओळ परत आली आणि तेच उत्तर परत लिहिलं. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागल्यावर शीट इतकी लांबली, की उत्तरं लिहिणं हेच एक काम होऊन बसलं. फाइलच नसेल तर ओळही नसेल, असा हा सगळा सरळ हिशोब.

कर्नल इमेज याने एक बाइटही लहान होणार नाही, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलं. बंद असलेला ड्रायव्हर इमेजमध्ये जातच नाही. नंतर "मग फायदा काय झाला" असं कुणी विचारायला नको.

७ जानेवारी, मंगळवार

आज यादी केली. नियम असा: ज्याला आयएसए किंवा पीसीएमसीआयए लागतं ते जाणार, नंतर आलेल्या पीसीआय स्लॉटवालं राहणार. कागदावर सोपं वाटलं.

पहिली अडचण फोल्डरांची. ३कॉमचं अख्खं फोल्डर उडवता येत नाही. ३सी५०९, ३सी५१५, ३सी५७४_सीएस आणि ३सी५८९_सीएस जातील, पण व्होर्टेक्स (३सी५९एक्स) आणि टायफून पीसीआयचे, ते राहतील. ८३९० च्या फोल्डरात तर आयएसए, पीसीआय, अमिगा, मॅक, कोल्डफायर अशी सगळी बिऱ्हाडं एकाच वाड्यात नांदतात. आमच्या यादीत तिथले एनई, डब्ल्यूडी, एसएमसी-अल्ट्रा, पीसीनेट_सीएस, एएक्सनेट_सीएस. बाकी लान्स, एनएमक्लॅन_सीएस, एसएमसी९१९४, एसएमसी९१सी९२_सीएस, झर्क२पीएस_सीएस, एफएमव्हीजे१८एक्स_सीएस. सगळं मिळून १९ हजार ओळींच्या आसपास.

आमच्या ५.१० च्या .कॉन्फिगमध्ये यातले कोणते चालू आहेत ते पाहिलं. सगळे बंद असतील असं धरलं होतं, पण ईएल३ म्हणजे ३सी५०९ चालू, एनई२००० चालू, शिवाय असेच आणखी चार-पाच. ही कॉन्फिग कुणीतरी फार पूर्वी एका डिस्ट्रोवरून उचलली होती, त्यात गावभरचं सगळं 'वाय' (म्हणजे चालू, कर्नलमध्येच बांधलेलं) होतं. म्हणून मी वहीत लिहिलं: "जुना कचरा, दुर्लक्ष." हे वाक्य मुद्दाम इथे ठेवते, पुढे त्याची गरज पडेल.

९ जानेवारी, गुरुवार

प्रत्यक्ष काढाकाढी. सगळं एकाच कमिटमध्ये (गिट या सोर्सचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या एका नोंदीत) घातलं, एका विषयाचं एक कमिट म्हणून. दिवसभरात दोन चुका केल्या.

पहिली: फाइली काढणारी कमांड, 'गिट आरएम एसएमसी९१*'. डोक्यात एसएमसी९१९४ आणि एसएमसी९१सी९२_सीएस होते. तारका मात्र एसएमसी९१एक्स पण घेऊन गेली, आणि तो एआरएम बोर्डांचा ड्रायव्हर. एक्स८६ चं बिल्ड नीट झालं. एआरएमचं पाऊण तासाने 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबलं. मेकफाइलमधली (काय बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या फाइलीतली) ओळ जागेवर होती म्हणून निदान ओरडलं तरी. तेव्हापासून गिट आरएमला तारका द्यायची नाही, पूर्ण नावं द्यायची, असं ठरवलंय.

दुसरी: लिब८३९०.सी. मेकफाइलमध्ये तिचा कुठेच उल्लेख नाही, म्हणून तिला वाली नाही असं समजून काढली. खरं तर ८३९०.सी, ८३९०पी.सी आणि आणखी काही फाइली तिला सरळ हॅश-इन्क्लूड करतात. सी फाइलच्या पोटात सी फाइल! मी ग्रेप (मजकुराचा शोध) फक्त हेडरांसाठी मारला होता. एनई२के-पीसीआय फुटल्यावर कळलं. एनई गेल्यावर ८३९०पी.सी ला मात्र खरंच कुणी उरलं नव्हतं, म्हणून तीही काढली.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टीचा दिवस, पण नोंद कामाचीच. जुन्या बाजारात एक ३सी५०९बी कार्ड १५० रुपयांना मिळालं. पितळी बीएनसी तोंड, शेजारी आरजे-४५, आणि लोखंडी पट्टीवर कुणाच्या तरी हातचा मार्करचा नंबर. कॉलेजच्या लॅबमध्ये याच बीएनसीची टी-पीस आणि टोकाचा ५० ओमचा टर्मिनेटर कुणी काढून नेला की अख्खी रांग बंद पडायची.

हौसेने आणलं खरं, पण लावायचं कशात? आयएसए स्लॉटचा मदरबोर्ड ना ऑफिसात आहे, ना ओळखीत. क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरने नकली मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ३सी५०९ नाही. एनई२००० मात्र आहे, 'एनई२के_आयएसए' नावाने, पोर्ट आणि आयआरक्यू देऊन उभा करता येतो. म्हणजे ३सी५०९ च्या ड्रायव्हरमध्ये उद्या काही बदललं तर तो चालतोय की नाही हे मला कधीच कळणार नाही. आमच्यापुरतं काढायला हेच कारण पुरेसं वाटलं. कार्ड टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

१३ जानेवारी, सोमवार

ज्युनिअरने आनंदाने सांगितलं, एक्स८६-६४ वर ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं चालू करून केलेलं बिल्ड) एकाही वॉर्निंगशिवाय पास. मीही 'छान' म्हणाले. चहा घेताना लक्षात आलं, की ६४-बिट एक्स८६ ला कॉन्फिग-आयएसए हा पर्यायच नाही. आयएसएचे ड्रायव्हर तिथे आधीही बिल्ड होत नव्हते. म्हणजे त्यांच्यापुरता तो पास कशाचाच पुरावा नव्हता.

आर्च=आय३८६ देऊन पुन्हा चालवलं. यावेळी खरोखर काहीतरी तपासलं गेलं. आमच्या बिल्ड सर्व्हरला त्याला दोन तास लागतात. एआरएम वेगळं. सकाळपासूनचं काम वाया गेलं.

१४ जानेवारी

संक्रांत, अर्धा दिवस. स्पेस.सी वाचली. पूर्वी कर्नल बूट होताना आयएसए कार्डं एकेक पोर्ट चाचपून शोधायचा, त्याची यादी या फाइलीत आहे. 'ईथर=' आणि 'नेटडेव्ह=' हे बूट पॅरामीटरही तीच हाताळते. यादीतले जवळपास सगळे ड्रायव्हर आता गेलेत. प्रत्येक ओळीभोवती इफडेफ ('ड्रायव्हर चालू असेल तरच' अशी अट) असल्यामुळे लिंकर मात्र गप्प. तिळगूळ खाऊन घरी.

१७ जानेवारी, शुक्रवार

स्पेस.सी काढायची तर सीएस८९एक्स०चं काय, यात दोन दिवस गेले. ही एकच फाइल, पण आत दोन संसार. अर्धी आयएसए कार्डासाठी, अर्धी एआरएम बोर्डावरच्या चिपसाठी. आयएसएचा भाग कापायला बसले. चार इफडेफ काढल्यावर लक्षात आलं, की दोन्हीकडे वापरलेली फंक्शनं मी तपासू शकत नाही, कारण ती चिप असलेलं बोर्ड आमच्याकडे नाही. सगळं परत फिरवलं. फाइल जशीच्या तशी ठेवली, केकॉन्फिगमधला (कॉन्फिगचे पर्याय जिथे लिहिलेले असतात तिथला) आयएसएचा पर्याय तेवढा काढला. देखणं नाही, पण बिघडणारही नाही. मग स्पेस.सी आणि तिचं हेडर काढलं.

२० जानेवारी, सोमवार

उरलंसुरलं झाडणं. ड्रायव्हरची फाइल काढली तरी तिच्या नावाच्या चिठ्ठ्या ट्रीमध्ये जागोजागी राहतात आणि बिल्ड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नसलेल्या सिम्बॉलला 'सिलेक्ट' केलं तरी केकॉन्फिग तक्रार करत नाही. 'डिपेंड्स ऑन' मध्ये नसलेलं नाव असेल तर तो पर्याय कायमचा 'नाही' होतो, तोही गुपचूप.

उपयोगी पडलं ते स्क्रिप्ट्समधलं चेककेकॉन्फिगसिम्बॉल्स.पीवाय. ट्रीमध्ये उल्लेख आहे पण व्याख्या नाही अशी नावं ते शोधून देतं. मिप्स आणि पॉवरपीसी या प्रोसेसरांच्या जुन्या डेफकॉन्फिगांत (तयार कॉन्फिगांत) पीसीएमसीआयए कार्डांची नावं दिसली. ती आर्किटेक्चरं आम्ही बिल्ड करत नाही, तरी ओळी काढल्या.

३कॉमच्या मेन्यूची अट 'आयएसए किंवा ईआयएसए किंवा पीसीआय किंवा पीसीएमसीआयए' अशी होती. मी घाईने ती नुसती पीसीआय केली. व्होर्टेक्स ईआयएसएवरही (आयएसएच्या वाढीव आवृत्तीवरही) चालतो हे ज्युनिअरने रिव्ह्यूमध्ये दाखवलं. ईआयएसए मशीन आम्हाला आयुष्यात दिसणार नाही, पण जो ड्रायव्हर ठेवलाय त्याची अट बरोबर हवी. दुरुस्त केलं.

डॉक्युमेंटेशनमधली ३सी५०९ ची आरएसटी फाइल काढली आणि अनुक्रमणिकेतली ओळ विसरले. 'मेक एचटीएमएलडॉक्स' ने सांगितलं. मेंटेनर्स फाइलीतले मेलेले पत्ते गेटमेंटेनर.पीएल मधल्या सेल्फ-टेस्ट पर्यायाने सापडतात, हे आजवर माहीत नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

मूळ कर्नलमध्ये हीच कामं कशी झाली ते पाहायला एक दिवस दिला. गिट लॉगला डिलीट झालेल्या फाइलींचा फिल्टर लावला की सगळा इतिहास समोर येतो. टोकन रिंग हा जुना नेटवर्क प्रकार २०१२ मध्ये ३.५ ला गेला. २०१३ च्या ३.९ मध्ये ३सी५०१, ३सी५०५, ३सी५०७ असे कितीतरी आयएसए ड्रायव्हर गेले, पण ३सी५०९ आणि एनई तेव्हा वाचले. डेकनेट हे जुनं नेटवर्क प्रोटोकॉल २०२२ च्या ६.१ मध्ये गेलं. त्या कमिटच्या संदेशात अशा अर्थाचं आहे, की याला वापरणाऱ्यांपेक्षा कर्नलची झाडलोट करणाऱ्यांचंच लक्ष जास्त मिळतं. वाचून हसले, कारण सध्या मी त्याच झाडूवाल्यांत आहे.

इथून दोन गोष्टी उचलल्या. एक, क्रमांक कधी काढायचे नाहीत. डेकनेट गेलं तरी एएफ_डेकनेटचा १२ हा आकडा हेडरमध्ये तसाच आहे. युजर प्रोग्रॅम ज्या हेडरांवर बिल्ड होतात त्यांना मी हात लावलेला नाही.

दुसरी मी वाचली आणि वापरली नाही. इर्डा (इन्फ्रारेड जोडणी) थेट गेलं नाही. ४.१४ मध्ये ते स्टेजिंग या वेगळ्या फोल्डरात हलवलं आणि ४.१७ मध्ये काढलं. आयपीएक्स ४.१५ मध्ये हललं, ४.१८ मध्ये गेलं. वायमॅक्सचंही तसंच, ५.११ आणि ५.१३. म्हणजे आधी ओसरीवर बसवायचं, कुणी हाक मारतंय का बघायचं, मग निरोप द्यायचा. मी म्हटलं, आमचे ग्राहक मोजके, आम्हाला ओसरी कशाला? एक मेल पुरे.

२४ जानेवारी, शुक्रवार

ती मेल पाठवली. सर्व्हिस आणि सेल्स दोघांना: "खालीलपैकी कोणतं नेटवर्क कार्ड कुठल्या साइटवर आहे का?" खाली ड्रायव्हरांची नावं.

पॅच रिव्ह्यूला पाठवताना फॉरमॅट-पॅचला '-डी' दिलं. त्याने काढलेल्या फाइलींचा मजकूर पॅचमध्ये येत नाही, फक्त 'काढली' एवढंच येतं. वाचायला झकास. पण बिल्ड सर्व्हर तेच पॅच गिट एएमने लावतो, आणि असा पॅच लागतच नाही, तो नुसता वाचण्यासाठी असतो. सर्व्हरच्या एररमध्ये हे सरळ शब्दांत लिहिलेलं नाही, म्हणून अर्धा दिवस मी सर्व्हरलाच दोष देत होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेलला सेल्सकडून 'नोटेड' आलं, सर्व्हिसकडून काहीच नाही. काहीच नाही म्हणजे कार्ड नाही, असं मी धरलं. टेस्ट बेंचवरचे चारही डबे ६.१२ वर व्यवस्थित. ब्रँच मर्ज केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भोसरीत गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, म्हणून अपग्रेडला हाच वार. तीन मशीन. सीएफ कार्ड (मशीनची डिस्क असलेलं मेमरी कार्ड) काढायचं, नवी इमेज घालून परत बसवायचं, बूट करायचं. पहिली दोन मशीन पाऊण तासात झाली. तिसरं बूट झालं, स्क्रीन आली, पण वजनकाट्याशी बोलेना. ईथ० आहे, ईथ१ म्हणजे दुसरं नेटवर्क पोर्ट नाही.

आमच्या या बोर्डावर व्होर्टेक्स८६डीएक्स चिप आहे आणि त्यातच एक नेटवर्क पोर्ट येतं. दुसरं पोर्ट कुठून आलं? सर्व्हिसचे दादा बरोबर होते. त्यांनी डब्याचे चार स्क्रू काढले. आत पीसी/१०४ च्या (एकावर एक बसणाऱ्या छोट्या बोर्डांच्या) चळतीत वर एक छोटं कार्ड, त्यावर आरटीएल८०१९एएस. म्हणजे अस्सल आयएसए एनई२०००. दादा म्हणाले, "हे २००९ साली आपणच बसवलंय. काट्याचं नेटवर्क वेगळं पाहिजे होतं त्यांना."

मी मेलची आठवण दिली. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'एनई२०००' लिहिलं होतं. आम्ही याला काट्याचं कार्ड म्हणतो."

जुनं सीएफ कार्ड परत घातलं. पण त्यात काट्याची मधल्या काळात बदललेली सेटिंगं नव्हती, ती हाताने भरावी लागली. शुक्रवारची पहिली पाळी दोन तास उशिरा सुरू झाली. ग्राहकाचे सुपरवायझर काही बोलले नाहीत, फक्त दर दहा मिनिटांनी येऊन उभे राहायचे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या बूटचा डीमेसेज (कर्नलचा लॉग) उतरवून आणला होता. वरच ओळ होती: अनोळखी कमांड लाइन पॅरामीटर 'ईथर=५', पुढे पोर्ट ३०० हेक्स आणि ईथ१, युजर स्पेसला पाठवत आहोत. कर्नलने सांगितलं होतं. बेंचवर ही ओळ दिसली नाही, कारण बेंचवरच्या बूट कॉन्फिगमध्ये हा पॅरामीटरच नव्हता.

मग स्क्रिप्ट्समधलं डिफकॉन्फिग (दोन कॉन्फिगांतला फरक दाखवणारं) जुन्या आणि नव्या कॉन्फिगवर चालवलं. 'एनई२००० वाय' उणे चिन्हासह तिथे उभं होतं. जुनी कॉन्फिग नव्या कर्नलला जुळवणाऱ्या ओल्डडेफकॉन्फिगला नसलेलं नाव दिसलं की ते टाकून देतं, विचारत नाही, सांगत नाही. सांगायला लावता येतं. केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बॉल्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की प्रत्येक अनोळखी नाव छापतं, आणि सोबत केकॉन्फिग_डब्ल्यूएरर दिलं तर तिथेच थांबतं. दोन्ही आता बिल्ड सर्व्हरवर कायमचे लावलेत. ७ जानेवारीला 'जुना कचरा' लिहिलेल्या पानावर लाल पेनाने रेघ मारली.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे सर्व्हिसकडे प्रत्येक साइटच्या बूट पार्टिशनचा बॅकअप आहे. त्यात 'ईथर=' शोधायला मला दीड मिनिट लागलं. एकच साइट निघाली, भोसरीची. मेल पाठवण्याऐवजी जानेवारीत हे केलं असतं तर ही नोंद लिहायची वेळ आली नसती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

एनई परत आणायचा. सगळं एकाच कमिटमध्ये असल्यामुळे रिव्हर्ट केलं तर १९ हजार ओळी परत. म्हणून फाइल उचलून आणली.

एनई.सी आणली तर स्पेसचं हेडर नाही म्हणून कंपाइल होईना. ती इन्क्लूडची ओळ काढली. मग लिंकर अडला. 'ईआयपी_' ने सुरू होणारी आणि एनएस८३९०पी_इनिट ही फंक्शनं सापडेनात. ती सगळी ८३९०पी.सी मध्ये, जी मी 'कुणी उरलं नाही' म्हणून काढली होती. ८३९०.सी असताना ही दुसरी कशाला, तर प्रत्येक पोर्ट वाचन-लेखनानंतर थोडं थांबणारी ही आवृत्ती आहे, जुन्या संथ आयएसए कार्डांसाठी. तीही आणली. बिल्ड झालं, क्यूएमूमध्ये बूट केलं, आणि कार्ड नाही. एरर पण नाही.

दीड तास गेल्यावर कळलं. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर त्याच्या प्रोबला (कार्ड शोधणाऱ्या फंक्शनला) हाक मारणारी स्पेस.सी होती, आणि ती आता नाही. ड्रायव्हर शहाण्यासारखा कुणी बोलावण्याची वाट बघत बसला होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन रस्ते होते, स्पेस.सी परत आणणं किंवा एनईला मॉड्यूल (बूट झाल्यावर वेगळा चढवायचा तुकडा) करणं. मॉड्यूल स्वतःच आपलं डिव्हाइस उभं करतं, फक्त पोर्ट सांगावं लागतं. दुसरा घेतला. मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ, एनईला आयओ ३०० हेक्स, आयआरक्यू ५. केकॉन्फिगमध्ये 'एम' शिवाय पर्याय ठेवला नाही, म्हणजे पुढे कुणी 'वाय' करून माझ्यासारखा दीड तास घालवणार नाही. उरलेली मेलेली 'सिलेक्ट' ओळ चेककेकॉन्फिगसिम्बॉल्सने दाखवली, काढली.

क्यूएमूमध्ये पहिल्याच फटक्यात पिंग.

४ मार्च, मंगळवार

कमिटांची फेरमांडणी. एका ड्रायव्हरला एक कमिट, त्यातच त्याची केकॉन्फिग, मेकफाइल, डेफकॉन्फिग आणि डॉक्युमेंटची ओळ. सामायिक फाइली आणि स्पेस.सी शेवटी, वेगळ्या. मूळ कर्नलमधली मंडळी असंच करतात हे मी २२ जानेवारीला डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, पॅचची संख्या वाढवायची हौस. दोन दिवस लागले.

१३ मार्च, गुरुवार

भोसरी, पुन्हा. होळीचा दिवस. सर्व्हिसने सुट्या भागांतून तसंच एक कार्ड शोधून दिलं होतं, ते आठवडाभर बेंचवर चालवूनच गेले. तिसरं मशीन पंचवीस मिनिटांत झालं, काटा बोलू लागला. एनई लोड झाला की लॉगमध्ये एक इशारा छापतो, "हे कार्ड पुढच्या आवृत्तीत चालणार नाही, सर्व्हिसला कळवा." ही ओसरी उशिरा का होईना, बांधली. सर्व्हिसचं रिपोर्ट गोळा करणारं स्क्रिप्ट आता ती ओळ शोधतं.

ऑडिटरला नवी ट्री दिली. झिरकॉमची ओळ गेली.

९ एप्रिल, बुधवार

काम संपलं असं समजून पुढच्या आवृत्तीची तयारी म्हणून पॅच ६.१५-आरसी१ या चाचणी आवृत्तीवर चढवून बघितले. पहिल्या पाचांतच मॉडिफाय/डिलीट कॉन्फ्लिक्ट, म्हणजे आम्ही काढलेली फाइल मूळ कर्नलमध्ये बदललेली. टायमर बंद करणाऱ्या फंक्शनांची नावं या वेळी संपूर्ण कर्नलभर बदललीत, डेल_टायमरचं टायमर_डिलीट. आम्ही काढलेल्या ३सी५७४_सीएस, पीसीनेट_सीएस यांतही ती होती. आमच्यासाठी नसलेल्या फाइलींत कुणीतरी नीटनेटकी सुधारणा केली आणि त्यापायी आमचा पॅच अडला. गिटचं रिरीरी अशा कॉन्फ्लिक्टची आठवण ठेवत नाही, ते फक्त ओळींच्या भांडणात मदत करतं.

उपाय म्हणून फाइल काढणं पॅचमधून बाहेर आणलं. काढायच्या फाइलींची साधी यादी आणि ती वाचून गिट आरएम करणारं बारा ओळींचं शेल स्क्रिप्ट. केकॉन्फिग आणि मेकफाइलचे बदल तेवढे पॅच म्हणून राहिले, ते छोटे असल्याने सहसा चढतात. यादीत पूर्ण नावं आहेत, तारका एकही नाही. फाइल सापडली नाही तर स्क्रिप्ट थांबतं. मूळ कर्नलनेच ती आधी काढली असेल तर ते कळायला हवं.

वेळेचा हिशोब ज्युनिअरने काढला. प्रत्यक्ष काढाकाढी दोन दिवस. उरलेल्या चिठ्ठ्या, स्पेस.सी आणि सीएस८९एक्स० मिळून सात. भोसरीचं निस्तरणं आणि फेरमांडणी नऊ. आजचा एक. खर्चात भोसरीच्या दोन फेऱ्या आणि ३सी५०९बी चे १५० रुपये, जे मी बिलात लावले नाहीत.

एनई यादीत नाही. भोसरीचे मालक म्हणाले, काटाच दिवाळीत बदलतोय, नव्याला यूएसबी आहे. दादांनी त्या मशीनच्या फाइलीवर पेन्सिलने 'काट्याचं कार्ड = एनई२०००' असं लिहून ठेवलंय.